विश्लेषण : ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणणारा आवाज कोण निवडतो?

बँक, रुग्णालय, नगरपालिका, गॅस एजन्सी. फोन कुठेही लावा, पहिली भेट माणसाशी होत नाही, रेकॉर्डिंगशी होते. हा आवाज कोणी, कसा आणि कशाच्या आधारे निवडला, याचा विचार फोन लावणारा करत नाही. तो निवडणारेही फारसा करत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे.

एखाद्या मध्यम आकाराच्या पतसंस्थेत हा निर्णय कसा होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. संचालक मंडळाची बैठक संपत आलेली असते. यंत्रणा बसवून देणारा प्रतिनिधी लॅपटॉपवर चार नमुने वाजवून दाखवतो. ‘दुसरा गोड आहे’ असे कोणी तरी म्हणतो, बाकीचे माना डोलावतात आणि चहा येतो. खुर्च्या, पंखे, वॉटर कूलर यांची तीन-तीन दरपत्रके मागवणारे मंडळ आवाजाचा निकाल पाच मिनिटांत लावते. त्यानंतर कित्येक वर्षे सभासद तोच आवाज ऐकतात. त्यात एफडीची मुदत विचारणारे सत्तरीतले आजोबा असतात आणि कर्जाचा हप्ता चुकला म्हणून घाबरलेली बाईही असते.

नमुने लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजले, फोनवर नाहीत. पहिली चूक इथेच झाली.

फोनवर आवाजाचे होते तरी काय?

तरुण माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. पारंपरिक टेलिफोन यंत्रणा त्यातली ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच चिंचोळी पट्टी पुढे पाठवते. डिजिटल झाल्यावरही हिशोब तोच राहिला. सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घ्यायचे, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच पोहोचत नाही. स्टुडिओत मात्र ध्वनिमुद्रण ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांनी होते. तिथे जो आवाज भरदार, मखमली वाटतो, तो फोनच्या गाळणीतून येताना बराचसा गाळातच राहतो.

मराठीत याचा फटका नेमका आकड्यांना बसतो. ‘स’ या अक्षराची ओळख त्याच्या सळसळीवरून होते आणि त्या सळसळीचा मोठा भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो. ती कापली गेली, की ‘सात’मधला ‘सा’ पुसट होतो. उरतो लांब ‘आ’ आणि शेवटचा ‘त’. मेन्यूत त्याच्या पाठोपाठ येतो ‘आठ’. रस्त्यावर उभे राहून, एसटीच्या आवाजात, एका कानाने ऐकणाऱ्याला या दोहोंत गोंधळ होणे स्वाभाविक आहे. वाढत्या वयात ऐकू येणे कमी होते तेही बहुधा उच्च कंपनांपासूनच, म्हणजे ज्येष्ठांच्या बाबतीत हे नुकसान दुहेरी. बारीक, लाडिक आवाज त्यात आणखी भर घालतो. त्यापेक्षा थोडा खालच्या पट्टीतला, सावकाश बोलणारा, अक्षराचा शेवट न गिळणारा आवाज फोनवर जास्त टिकतो, मग स्टुडिओत तो कितीही ‘साधा’ वाटला तरी.

फोर-जीवरच्या ‘एचडी’ कॉलमध्ये ही पट्टी सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंत रुंद झाली, हे खरे. पण वाटेतला एखादा दुवा जुना असला किंवा कार्यालयातला टेलिफोन बोर्ड जुन्या पद्धतीचा असला, की कॉल पुन्हा त्याच चिंचोळ्या गल्लीत शिरतो. तेव्हा नमुना फोनवरच ऐकावा, शक्यतो साध्या हँडसेटवर, आणि खिडकी उघडी ठेवून.

‘चार’ आणि ‘पाच’ यांची परीक्षा

आवाज मराठी आहे की मराठीत बोलणारा आहे, हे ओळखायला दोन आकडे पुरतात. ‘चार’मधला च तालव्य आहे, ‘चहा’मधल्यासारखा. ‘पाच’मधला च दंततालव्य आहे, ‘चमचा’मधल्यासारखा. लिपीत दोघे सारखेच लिहिले जातात, त्यामुळे संहिता वाचणाऱ्याला कागद काही मदत करत नाही. हिंदीच्या सवयीने बोलणारा निवेदक ‘पाच’ हिंदीतल्या ‘पाँच’च्या वळणाने म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळते, की ही सेवा कुठून तरी दुसरीकडून आणून आपल्या गावावर चिकटवली आहे. ‘चौकशीसाठी’ हा तर कार्यालयीन मेन्यूतला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द. त्याचा च चुकला, की पुढचे सगळे परके होते. ‘जन्म’ आणि ‘जागा’ यांतल्या ‘ज’चेही तेच.

हा शुद्धलेखनवाल्यांचा हट्ट नाही. उच्चार परका वाटला, की माणूस शब्दांकडे कमी आणि आवाजाकडे जास्त लक्ष देतो, आणि तेवढ्यात पर्याय पुढे गेलेला असतो.

आकड्यांबाबत आणखी एक गोष्ट निविदेत कधीच लिहिलेली नसते. शिल्लक किंवा हप्ता सांगताना यंत्र पूर्ण वाक्य बोलत नाही, तर तुकडे जोडते. इंग्रजीत शून्य ते नव्व्याण्णव बोलायला २८ तुकडे पुरतात, कारण वीसच्या पुढे ‘ट्वेंटी’ला ‘फाइव्ह’ जोडता येते. मराठीत पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न हे सगळे स्वतंत्र शब्द आहेत. म्हणजे शंभर तुकडे, शिवाय शंभर, एकशे, दोनशे वेगळे. कंत्राटदाराने इंग्रजीचा आराखडा मराठीवर बसवला, तर ‘वीस पाच हजार’ असे काही तरी ऐकू येते. २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. वर्गात त्यामागे कारण होते. मुलांना जोडाक्षरी संख्यानामे जड जातात, असे त्या बदलाच्या बाजूने सांगितले गेले. फोनवर ऐकणारे आजोबा मात्र सत्तावीस म्हणूनच सत्तावीस ओळखतात. उलट इंग्रजी शाळेत शिकलेला त्यांचा नातू ‘एकोणऐंशी’ला अडखळतो. यावर शहाणपणाचा मार्ग असा, की खाते क्रमांक, टोकन क्रमांक एकेक अंक सुटा बोलावा, रक्कम नेहमीच्या मराठीत बोलावी आणि तीच एसएमएसनेही पाठवावी.

बाईचाच आवाज का?

याचे एक उत्तर जुने आहे. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन येथील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर म्हणून रुजू झाली. त्याआधी तिथे पोरे काम करत आणि ग्राहकांशी उद्धटपणे बोलत. नटचा शांत आवाज लोकांना आवडला आणि पुढे हे काम बायकांचेच ठरले. ब्रिटनमध्ये १९३५ साली टपाल खात्याने ‘सुवर्ण आवाज’ शोधण्यासाठी टेलिफोन ऑपरेटरांची स्पर्धाच घेतली. तिची विजेती एथेल केन. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या, फोनवर वेळ सांगणाऱ्या सेवेत तिचाच आवाज काचेच्या तबकड्यांवर कोरलेला होता. फ्रान्सने मात्र १९३३ मध्ये हीच सेवा सुरू करताना रेडिओवरच्या पुरुष निवेदकाचा आवाज घेतला होता आणि पॅरिसकरांनी काही तक्रार केल्याची नोंद नाही.

आपल्याकडचे उदाहरण रेल्वेचे. ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ म्हणणाऱ्या सरला चौधरी यांची निवड १९८२ मध्ये मध्य रेल्वेत उद्घोषिका म्हणून झाली. स्टेशनवरच्या गोंगाटातून गाडीचे नाव आणि फलाटाचा क्रमांक नेमका पोहोचवणे ही त्या कामाची कसोटी होती. गोडवा त्यानंतरचा. दिल्ली मेट्रोत पुरुष आणि स्त्री असे दोन्ही आवाज आहेत, शम्मी नारंग आणि रिनी सायमन खन्ना यांचे. दोघेही मुळात बातम्या वाचणारे, म्हणजे स्पष्ट उच्चाराचाच व्यवसाय असलेले.

युनेस्कोने २०१९ मध्ये एका अहवालात, हुकूम ऐकणाऱ्या यंत्रांना बाईचाच आवाज देण्याच्या सवयीवर टीका केली होती. कार्यालयाच्या फोनला ती पूर्णपणे लागू होत नसेल, पण ‘गोड आहे’ हा निकष लावताना मंडळाने स्वतःला एकदा विचारायला हरकत नाही, की गोड कोणाला आणि कशासाठी? वसुलीची आठवण करून देणारा लाडिक आवाज चीड आणतो. रुग्णालयाच्या अपघात विभागाचा फोन लावणाऱ्याला हसऱ्या स्वरातले ‘आपले हार्दिक स्वागत आहे’ नको असते.

मराठीत बाई-पुरुष निवडीचा परिणाम व्याकरणावरही होतो. ‘मी आपल्याला मदत करते’ की ‘करतो’? संहिता एकाने लिहायची, वाचायची दुसरीने, आणि मधल्या दुरुस्त्या यंत्राने करायच्या, या गडबडीत बाईच्या आवाजात ‘मी जोडून देतो’ ऐकू येऊ शकते. (काही भागांतल्या माणसाला त्यात वेगळीच गंमत वाटेल.) ‘कॉल जोडला जात आहे’ असे लिहिले, की प्रश्नच मिटतो.

साहेबांचा आवाज की शेजाऱ्याचा?

गुजरातमध्ये ‘आवाज ओटलो’ नावाची शेतकऱ्यांसाठीची फोनसेवा संशोधकांनी उभी केली होती. ओटलो म्हणजे आपला ओटाच. शेतीचा एकच सल्ला काहींना कृषितज्ज्ञाच्या आवाजात आणि काहींना शेतकऱ्याच्या आवाजात ऐकवला, तर काय होते, हे त्यांनी तपासले आणि निष्कर्ष २०१२ मध्ये मांडले. विचारल्यावर शेतकरी म्हणाले, की तज्ज्ञांचे ऐकायला आवडेल. प्रत्यक्षात सल्ला ऐकून पुढची माहिती घेण्यासाठी फोन करणारे शेतकरी अधिक होते ते शेतकऱ्याचा आवाज ऐकलेल्यांत.

यातून दोन गोष्टी घेता येतात. लोकांना ‘कोणता आवाज आवडला’ असे विचारून मिळणारे उत्तर भरवशाचे नसते. ऐकल्यावर त्यांनी काय केले, ते मोजावे लागते. आणि सभ्य, शहरी, ‘बातम्यांचा’ आवाज म्हणजे आपोआप विश्वास, हे समीकरण सगळीकडे चालत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला केंद्राची ‘किलकारी’ सेवा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक असे ७२ ध्वनिसंदेश फोनवर येतात. बोलणाऱ्या असतात ‘डॉ. अनिता’, एक काल्पनिक पात्र. इथे अधिकार डॉक्टरचा आहे, पण बोलणे मोठ्या बहिणीचे. आवाज निवडण्याआधी ‘हे कोण बोलते आहे’ हे ठरवले, की निवड किती सोपी होते, ते यात दिसते. नगरपालिकेच्या फोनवर कोण बोलते? मुख्याधिकारी? खिडकीवरच्या ताई? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर कोणी ठरवलेलेच नसते, म्हणून आवाज विमानतळावरचा लागतो.

आवाजाआधी संहिता

कितीही चांगला आवाज वाईट संहितेला वाचवू शकत नाही. ‘जन्मदाखल्यासाठी एक दाबा’ ही मराठीची स्वाभाविक रचना आहे. काम आधी, आकडा नंतर. ऐकणारा आपले काम आले का एवढेच ऐकतो आणि आले, की पुढचा आकडा पकडतो. ‘एक दाबा, जन्मदाखल्यासाठी’ या इंग्रजी वळणात आकडा आधी येतो आणि काम कळेपर्यंत विसरला जातो. मराठी इथे जात्याच सोयीची आहे. भाषांतर करणारा ती सोय घालवतो. ‘तारांकित चिन्ह दाबा’ लिहिणाऱ्याने एकदा स्वतःच्या आईला ते चिन्ह शोधायला सांगावे. ‘स्टार’ आणि ‘हॅश’ सगळ्यांना कळतात.

स्मार्टफोनने एक नवी अडचण आणली आहे, जी जुन्या यंत्रणांच्या गावीही नाही. बटणाच्या फोनवर ऐकता ऐकता अंगठा आकड्यावर जाई. आता फोन कानाला लावला, की स्क्रीन काळी होते. आकडा दाबायचा तर फोन कानावरून काढा, स्क्रीन उजळू द्या, कीपॅड उघडा, आकडा शोधा. तोवर आवाज पुढच्या पर्यायावर गेलेला असतो किंवा ‘आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही’ असे ठणकावत असतो. दोन पर्यायांमधली शांतता आणि आकडा दाबण्याची मुदत वाढवणे हा काही क्लिकचा बदल आहे. तो सुचवायला आवाज देणारा कलाकार नव्हे, रोज फोन लावणारा माणूस लागतो.

भाषेच्या क्रमाचा प्रश्न तर संहितेतही नाही, धोरणात आहे. दूरसंचार कंपन्यांसाठी ट्रायने २०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीत मेन्यूची पायरी-पायरी ठरवून दिली. पहिल्या पायरीवर भाषेची निवड, दुसरीवर तक्रार किंवा सेवेचे ढोबळ प्रकार, आणि तिसऱ्या पायरीच्या मेन्यूत प्रत्यक्ष माणसाशी बोलण्याचा पर्याय असलाच पाहिजे. हा नियम दूरसंचार कंपन्यांपुरता आहे. पाणीपट्टीची तक्रार घेणाऱ्या फोनला, खासगी रुग्णालयाला, शाळेला तो लागू नाही. तिथे ‘शून्य दाबा आणि माणसाशी बोला’ हा पर्याय ठेवायचा की नाही, हे त्या पाच मिनिटांच्या बैठकीवर सोडलेले आहे. आणि महाराष्ट्रातल्या गावातला फोन इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन आणि मराठीसाठी तीन का म्हणतो, याचे कारण बहुधा एवढेच असते, की कंत्राटदाराच्या तयार साच्यात तसे होते.

घरचा, विकतचा की यंत्राचा?

आवाज मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, कार्यालयातल्याच कोणाचा तरी. फुकट, आपलासा आणि उच्चार गावचा. पण ती व्यक्ती बदलून गेली, निवृत्त झाली किंवा नोकरी सोडली, की नवी सूचना दुसऱ्याच्या आवाजात भरावी लागते. काही वर्षांत मेन्यूची गोधडी होते. पहिला पर्याय कुलकर्णी बाईंचा, दुसरा शिपायाचा, तिसऱ्यात मागे फॅनची घरघर. तरीही लहान कार्यालयाने हाच मार्ग घ्यावा. मात्र सगळ्या सूचना, सुट्ट्यांचे संदेश, शंभर आकडे हे सारे एका बैठकीत, एकाच माइकवर, बंद खोलीत उरकावे.

दुसरा मार्ग व्यावसायिक कलाकाराचा. इथे करारात एक ओळ नसते आणि तीच महागात पडते: हा आवाज आणखी कुठे वापरता येईल? अमेरिकेतल्या सुझन बेनेट यांनी जुलै २००५ मध्ये महिनाभर रोज चार-चार तास बसून वाक्ये ध्वनिमुद्रित केली. ती फोनच्या मेन्यूंसाठी असावीत, असा त्यांचा समज होता. २०११ मध्ये आयफोनवर ‘सिरी’ आली आणि तो आवाज आपलाच आहे हे त्यांना कळले, तेही एका सहकाऱ्याकडून. कॅनडातल्या बेव्ह स्टँडिंग यांनी २०२१ मध्ये आपला आवाज परवानगीविना वापरल्याचा दावा टिकटॉकवर लावला आणि तो तडजोडीने मिटला.

तिसरा मार्ग, यंत्राने तयार केलेला आवाज, आता सर्वांत स्वस्त आहे. सूचना बदलायची तर टाइप करा, झाले. गोधडी होत नाही. पण ‘चार’-‘पाच’ची परीक्षा त्याचीही घ्यावी, तळेगाव, जामखेड, गडहिंग्लज ही नावे बोलायला लावावीत. आणि तो आवाज मुळात कोणाचा, हे लेखी विचारावे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंह यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची संमतीविना नक्कल करण्यास मनाई केली. प्रसिद्ध गायकांना न्यायालय गाठता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-चार हजारांत मेन्यू वाचून देणाऱ्या निवेदिकेला ते परवडत नाही. तिच्याकडून एकदा घेतलेल्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणावर यंत्र शिकवून तिला कायमचे बाहेर ठेवणे आज कोणत्याही कंत्राटदाराला जमते. संस्था सहकारी असो की सरकारी, तिने हे आपल्या करारात स्पष्टपणे नाकारले पाहिजे.

थांबवून ठेवताना

होल्डवरचे संगीत हा अपघाताने लागलेला शोध आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका कारखान्यात सुटलेली वायर लोखंडी तुळईला लागली, शेजारच्या रेडिओ केंद्राचे कार्यक्रम टेलिफोनमध्ये ऐकू येऊ लागले आणि मालक आल्फ्रेड लेव्ही यांनी त्यावर पेटंट घेतले. मोबाइलवर मात्र ते फार काळ सुरेल राहत नाही. मोबाइलवर आवाज दाबून पाठवणारी तंत्रे माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली आहेत. सनई, तबला, व्हायोलिन त्यातून जाताना बुडबुड्यांसारखे फुटतात. सिनेमाचे गाणे लावायचे तर परवानाही घ्यावा लागतो. त्यापेक्षा ‘तुमच्या आधी तीन जण आहेत’ एवढे सांगितले, तरी माणूस थांबतो.

उत्तम आवाजही जागा चुकली, की नकोसा होतो. करोनाकाळातली कॉलर ट्यून आठवावी. आधी खोकला, मग जसलीन भल्ला, मग अमिताभ बच्चन, पुन्हा भल्ला. आवाजात खोट काढायला जागा नव्हती. पण रुग्णवाहिकेला फोन लावणाऱ्यालाही तो आधी ऐकावा लागत होता. मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लस पुरेशी नसताना ‘लस घ्या’ म्हणणाऱ्या त्या संदेशावर नाराजी व्यक्त केली.

कार्यालयांत त्याची छोटी आवृत्ती रोज चालते. ‘दिवाळीनिमित्त कार्यालय बंद राहील’ हा संदेश होळीपर्यंत वाजत राहतो, कारण तो बदलण्याचा पासवर्ड ज्याच्याकडे होता त्याची बदली झालेली असते. आवाजाचा ठराव करताना सूचना कोण, किती दिवसांनी तपासणार, हे नाव आणि हुद्द्यासह त्याच ठरावात लिहावे. आणि ठराव मंजूर करण्याआधी अध्यक्षांनी बाहेरच्या रस्त्यावर जाऊन स्वतःच्याच कार्यालयाला, अनोळखी नंबरवरून, एकदा फोन लावावा.